संगीताताईंचा पोह्यांचा डबा

पोचा आलेलं भांडं विकलं जात नाही आणि टाकवतही नाही. आमच्या इतवारीतल्या भांड्यांच्या होलसेल दुकानात अशी भांडी माळ्यावर साठत जातात. किश्शांचंही तसंच. शेठजी धरून आम्ही दहा जण, पण किस्से म्हणाल तर माळा भरेल!

•

आमच्याकडे एक रीत आहे. नोकरी सोडणाऱ्यानं शेवटच्या दिवशी सगळ्यांना तर्री-पोहे, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेले पोहे, खिलवायचे. कोणी पोह्यांचा डबा घेऊन आलं, की समजायचं, हा चालला!

गोडाऊनचे बोकडेभाऊ पुढच्या वर्षी रिटायर होतील. मी एकदा विचारलं, "भाऊ, आजवर किती जणांचे पोहे खाल्ले?"

"लय खाल्ले गा," ते म्हणाले. "खिलवाची हिंमत नाही झाली."

•

बिलिंगला माझ्या शेजारी संगीताताई. त्या ऑनलाइन ब्लाउज शिवायला शिकवायच्या. लंच टाइममध्ये माळ्यावर जायचं, कुकरला मोबाइल टेकवायचा आणि क्लास सुरू! खाली हमाल टेम्पोत पराती चढवत असायचे, त्याचा हा खणखणाट!

एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे आरती चालू आहे का?"

"हो ना, रोजच असते," ताई म्हणाल्या आणि बाहीचं माप सांगू लागल्या.

•

एके दिवशी क्लास लांबला. शेठजी तणतणत वर आले. "मॅडम, दोन वाजले! बिलं कोण बनवणार?"

मोबाइलमधून आवाज आला, "अहो, थांबा ना पाच मिनिटं! बाही राहिली आहे आमची!"

शेठजींनी आवाज ओळखला. शेठाणीबाई होत्या! शेठजी आल्या पावली खाली गेले. त्या दिवशी बिलं स्वतः बनवली आणि तीन चुकवली.

•

ताई नोकरी सोडणार हे सगळ्या दुकानाला माहीत होतं. कधी, ते त्यांनाही माहीत नव्हतं. आधी म्हणाल्या, पोरीची दहावी होऊ द्या. मग दिवाळीचा सीझन. मग लग्नसराई.

बोकडेभाऊ वैतागले. "काय मुहूर्त पाहून राहिली वं बाई! सोडाचंच हाये ना? मंग सोड!"

"भाऊ, दर महिन्याचा पगार हाये हा. पोरीचं कॉलेज हाये पुढं," ताई म्हणाल्या. "क्लास बंद पडला तं कोनाच्या दारात जाऊ?"

भाऊ गोडाऊनकडे वळले. मी बिलात डोकं घातलं.

•

कारण मीही त्यातलाच. सकाळी सहाला मी ऑनलाइन पेटी शिकवतो. शिष्य तीन, त्यातल्या एक अमेरिकेतल्या आजी. त्या एका तासात मी जिवंत असतो, खरं सांगतो. सात वाजता पेटीचं झाकण लावताना रोज जीव तुटतो. मग दहाला इतवारी!

दुकानात माझी बोटं कॅल्क्युलेटरवर नुसतीच चालत राहतात. ताई न पाहता म्हणायच्या, "आज भूप हाये वाटते!"

आणि मग, "तुमचे पोहे कवा, सुधीरभाऊ?"

"आधी तुमचे खाऊ द्या," मी म्हणायचो. अशी चार वर्षं गेली.

•

गेल्या महिन्यात ताई भलामोठा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं. पोहे! सोबत किटलीत तर्री!

कोणी काही विचारलंच नाही. बोकडेभाऊंनी डोळे पुसले. शेठजी शाल, नारळ आणि तांब्याचा लोटा घेऊन आले. "घरच्यांनी सांगितलंच होतं, तुमच्या क्लासमध्ये आता जागा नाही म्हणून," ते म्हणाले. "नऊ वर्षांत तुमचं एक बिल चुकलं नाही!" टाळ्या झाल्या. ताई भिंतीला टेकून नुसत्या रडत होत्या.

मी त्यांना दुकानाच्या पायऱ्यांपर्यंत सोडायला गेलो. तिथे त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"सुधीरभाऊ, माझ्या क्लासात शंभर बाया झाल्या म्हनून आनले होते जी पोहे! रीत ध्यानातच नाही राहिली! आता शेठजीले कसं सांगू?"

•

दुसऱ्या दिवशी बरोबर दहाला ताई दारात उभ्या. खांद्याला रोजची पिशवी, पिशवीत जेवणाचा टिफिन. शेठजींनी गल्ल्यावरून मान वर केली.

"मॅडम? काही राहिलं का?"

ताईंनी आत पाहिलं. त्यांच्या खुर्चीवर बोकडेभाऊंनी बिलबुकांचा गठ्ठा ठेवला होता. माझी बोटं कॅल्क्युलेटरवर थांबली.

"हो," ताई म्हणाल्या. "पोह्यांचा डबा राहिला."

मी तो आणून दिला. त्यांनी तो टिफिनवर ठेवला, पिशवी सावरली आणि पायऱ्या उतरल्या. गर्दीतून दिसेनाशा होईपर्यंत मी पाहत राहिलो.

संध्याकाळी घरी जाताना मी किराण्याच्या दुकानापुढे थांबलो आणि पोहे मागितले. दुकानदारानं विचारलं, "पोहे? किती देऊ?"

"नऊ जणांचे होतील एवढे द्या," मी म्हटलं. "शेठजी धरून."