अंबाबाईचे धवले

अंबाबाई भातलावणीला गायची, जात्यावर गायची, नातवंडं निजवताना गायची. पण धवले तिच्या तोंडून लग्नघराबाहेर कुणी ऐकले नव्हते. धवले म्हणजे लग्न लावायची गाणी. अंगणात तांदळाच्या पिठाचा चौक काढायचा, नवरानवरीला पाटावर बसवायचं आणि ती गाणाऱ्या धवलारणीनं एकेक देव नावानं बोलावून आणायचा. भटजी येवो न येवो, कर्जतच्या खालच्या अंगाच्या गावांत लग्न लागायचं ते असं. चौकापुढे खरी नवरानवरी नसेल तर गायचं नाही. आणि एकदा सुरू केलं की मध्येच तोडायचं नाही. बोलावलेले देव अर्ध्या वाटेवर राहतात आणि नवरीला ते बाधतं. सासूनं हे दोन नेम तिला आधी दिले होते, गाणी मागून.

चौऱ्याऐंशी सालच्या हिवाळ्यात सरकारी साहेबांची जीप आली. सरकारनं एका महोत्सवाला अनुदान मंजूर केलं होतं. नदीकाठच्या मैदानात तंबू लागणार होते, मुंबईहून बसमधून परदेशी पाहुणे येणार होते आणि त्यांना गावाकडचं लग्न दाखवायचं होतं. साहेबांनी अंबाबाईच्या ओटीवर बसून हे सगळं गोड आवाजात सांगितलं. अंबाबाई नाही म्हणाली. खोटं लग्न लावायचं नसतं, एवढंच म्हणाली. सरपंच अस्वस्थ झाले. सरकार आपण होऊन दारात आलंय आणि ही म्हातारी आडवी पडते, असं ते बाहेर येऊन चारचौघांत बोलले.

तोड साहेबांनीच काढली. गावात कुणाचं लग्न ठरलेलं असेल तर त्याच जोडीला बसवू. गावातल्या धाकलूची मुलगी विमल शेलूच्या चांगोच्या मुलाला, वाल्मिकला, देऊ केलेली होती, लग्न माघात होतं. मग खोटं काय राहिलं? लग्न थोडं आधी लागेल, इतकंच. अंबाबाईनं रात्रभर विचार केला. सकाळी धाकलूला म्हणाली, "हीच दोघं बसणार असली तर गाईन. दुसरं कुणी नाय."

साहेब म्हणाले, शब्द दिला.

तिनं सगळं रीतीनं केलं. तंबूच्या मागं विमलला हळद लावली, स्टेजवर स्वतःच्या हातानं चौक काढला. समोर खुर्च्या भरल्या होत्या, कॅमेरे सरसावले होते. नवरा आणून बसवला, त्याच्या तोंडावर बाशिंगाच्या फुलांचा दाट पडदा होता. अंबाबाईनं पदर सारखा केला, नजर चौकावर लावली आणि देवांना बोलावायला लागली.

देव निम्मे आले असतील तेव्हा तिला नवऱ्याचे पाय दिसले. पांढरे, मऊ, टाचेला एक भेग नाही. हे पाय चिखलातून कधी गेले नव्हते. वाल्मिकचे तर ते नव्हतेच.

तिनं मान वर केली. स्टेजच्या कडेला साहेब उभे होते. ते हसले आणि हातानं चालू द्या म्हणाले.

वाल्मिक मागच्या तंबूत बसला होता, हळदीच्या अंगानं. त्याचे केस शहरी कापलेले आहेत, नाकीडोळी तो ठीक नाही, फोटोत बरं दिसणार नाही, असं ऐनवेळी कुणीतरी ठरवलं आणि नाचाच्या मंडळातला एक देखणा पोरगा बाशिंग बांधून बसवला. कार्यक्रम तर आहे, असं वाल्मिकला समजावलं होतं.

तोडलं असतं तर विमलला बाधलं असतं. पुढं गायलं तर विमल परक्याची होत होती. अंबाबाईचा आवाज एका ओळीपुरता हलला. मग ती गात राहिली, शेवटापर्यंत. टाळ्या पडल्या. एका गोऱ्या बाईनं विमलच्या गालाची हळद बोटावर घेऊन पाहिली.

आठवडा झाला नाही तोच शेलूहून निरोप आला. चांगो म्हणाला होता, धवले लागलेली पोर मी सून म्हणून कशी आणू? आमच्या घरात लग्न झालेली बाई येत नाही. धाकलू साहेबांकडे गेला. साहेबांना खरंच कळेना. ते म्हणाले, अहो, ते नाटक होतं.

मग अंबाबाई उठली आणि शेलूला गेली. चांगोच्या ओटीवर त्यांची चार वडीलधारी माणसं बसली होती. ती खालीच उभी राहिली.

"शेवटचं गाणं मी गायलंच नाय," ती म्हणाली. "नवरीला हाती देतात ते. ते नाय तर लगीन नाय. पोर मोकळी हाय."

मग चांगोची बायको दारातून म्हणाली, "म्हंजे देव बोलावून आणलेस नि फसवलेस?"

"फसवले."

"अशीच आमची पण लग्नं लावलीस काय गं?"

अंबाबाईनं ते ऐकून घेतलं. चांगो उठला, आत पाहून चहा सांगितला. सोयरिक टिकली.

माघात विमलचं लग्न झालं. धवलारीण वांगणीकडून आणली होती. अंबाबाईला आमंत्रण होतं, सगळ्यांना होतं तसंच. त्या हंगामात तिला चौकावर कुणीच बोलावलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही. देवांशी खोटं बोलणारी धवलारीण कोण घरात घेईल? ती मांडवात मागच्या बायांत बसली, तोंड मिटून.

पाठवणीच्या आधी विमल पाया पडायला आली. वाकली आणि तशीच राहिली. इतक्या हळू बोलली की शेजारच्या बाईला ऐकू गेलं नसतं.

"आजी, तू समदं गायलीस. मी पाटावर होते. शेवटचं बी गायलीस."

अंबाबाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"मग मी कुणाची गं?"

"वाल्मिकची."

विमल उठेना. तिची नजर हलेना.

"सांगते ना," अंबाबाई म्हणाली. तिनं लावलेल्या लग्नांना आजवर तिचा एक शब्द पुरला होता. ही पोर अजून पायाशीच होती, आणि अंबाबाईला 'वाल्मिकची' हेच परत म्हणावं लागलं.