झालरीचं कव्हर

चांगुणाबाईंच्या घरात उघडं असं काही राहत नसे. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, आणि शिलाई मशीनला तर दोन: एक रोजचं, एक पाहुणे आले की घालायचं. लग्न होऊन त्या बुवापाड्यात आल्या तेव्हा सासूने दिलेला तांब्याचा हंडा घासून ठेवला की दोन दिवसांत काळा पडायचा. मोरिवलीच्या कारखान्यांकडून वारा फिरला की असंच होतं, हे नवऱ्याने, शिवरामने, त्यांना समजावलं होतं. बाईंनी त्यातून एवढंच घेतलं, की वस्तू टिकवायची तर ती झाकायची. शिवराम गेल्यावर त्यांनी शिवणकाम करून मुलाला, सम्यकला, मोठं केलं, आणि उरलेल्या तुकड्यांतून घरातल्या एकेका वस्तूला कपडा होत गेला.

त्यामुळे सून अस्मिताने कॉम्प्युटर आणला त्याच दिवशी बाईंनी माप घेतलं. मॉनिटरलाही कव्हर करायचा त्यांचा विचार होता.

"मग मी बघू कुठे, आई?" अस्मिता हसून म्हणाली.

तेव्हा टेबलाखालच्या सीपीयूच्या डब्यावर भागलं. निळं जाड कापड, खाली पांढरी झालर, आणि पुढे बटणापुरतं भोक.

अस्मिताचं काम बसून करायचं, पण सोपं नव्हतं. डॉक्टरांनी बोलून ठेवलेलं हेडफोनवर ऐकायचं आणि टाइप करून पाठवायचं. चिमी झाल्यावर तिने बाहेरची नोकरी सोडली होती. हे काम तिच्या शिक्षणाला शोभणारं होतं आणि लेकही डोळ्यांसमोर राहत होती. तीन महिने पाहून मग कायम करणार होते. पण दुसऱ्या महिन्यापासून कॉम्प्युटर दुपारच्या वेळी अचानक बंद पडायला लागला.

"गेलं!" अस्मिता ओरडायची.

चांगुणाबाईंचा मशीनवरचा पाय थांबायचा. "काय गेलं?"

"अर्धा रिपोर्ट. आता पहिल्यापासून."

सम्यक कारखान्यात, अस्मितापाशी चिमी. म्हणून डबा दुरुस्तीला नेण्याचं काम बाईंनी अंगावर घेतलं. कव्हर काढून धुवायला टाकलं, डबा मांडीवर घेतला आणि रिक्षाने त्या उल्हासनगरच्या कॅम्प नंबर एकमध्ये सुजितच्या दुकानात गेल्या. हा कॉम्प्युटर त्यानेच जोडून दिला होता.

"टेन्शन नका घेऊ मावशी, रॅम असेल," म्हणत त्याने आतून एक हिरवी पट्टी उपसली आणि तिची सोनेरी कड खोडरबराने घासली.

"ही काय करते रे?"

"चालू काम हिच्यावर असतं. करंट गेला की ही कोरी. सेव्ह केलेलं मात्र इकडे, हार्ड डिस्कमध्ये. ते कपाटात ठेवल्यासारखं, जात नाही."

सुनेचं 'गेलं' म्हणजे नक्की काय, ते बाईंना तेव्हा समजलं. दुकानात डबा संध्याकाळपर्यंत छान चालला. घरी आल्यावर बाईंनी त्याला खळ केलेलं, कडक इस्त्रीचं कव्हर घातलं. दुसऱ्या दुपारी तो पुन्हा बंद.

पुन्हा रिक्षा, पुन्हा कॅम्प. या वेळी सुजितने पॉवर सप्लाय बदलला. घरातली वीज आहे तशी आत गेली तर सगळंच जळेल, हा तिला उतरवतो आणि ज्याला जेवढी लागेल तेवढी वाटतो, असं त्याने सांगितलं. डबा परत दिवसभर चालला. सुजित वैतागला.

"मावशी, इधर तो मस्त चलता है. घरी वहिनी काय करतात? गेम-बिम खेळतात का?"

"गेम तू खेळत असशील! माझी सून पाणी प्यायला उठत नाही."

बाई तणतणत घरी आल्या. दोष सुनेचा नाही, मशीनचा नाही, मग उरला तो मोरिवलीचा वारा. त्यांनी कव्हराला आतून फ्लॅनेलचं अस्तर लावलं.

दोन दिवसांनी कंपनीच्या प्रीती मॅडमचा फोन आला. पुन्हा मध्येच गायब झालात तर तुमच्या जागी दुसरी मुलगी घेऊ, असं त्यांनी सरळ सांगितलं. अस्मिता फक्त "हो मॅडम" म्हणाली आणि चिमीच्या फ्रॉकची घडी घालत बसली. एकाच फ्रॉकची, कितीदा तरी. ते बाईंना पाहवलं नाही. त्यांनी सुजितला फोन लावला. "आता तू घरी ये. बघ कोण गेम खेळतं ते."

तो आला. टेबलाखाली वाकला आणि तसाच राहिला.

"मावशी, ह्याला स्वेटर कोणी घातला?"

"मी. का?"

त्याने कव्हर सोडवलं आणि बाईंचा हात डब्यावर ठेवला. हात चटकन मागे आला. अस्मिताने काम सेव्ह करून कॉम्प्युटर बंद केला, सुजितने झाकण उघडलं. आतला छोटा पंखा सोडवला तर त्याच्याखाली, वरून न दिसणारी, शिवणाच्या दोऱ्यांच्या लवेची गादी जमली होती. लाल, हिरवी, आणि नूतनने शिवायला दिलेल्या ब्लाउजचा राणी रंगसुद्धा. बाईंनी तो बरोबर ओळखला.

"ह्या पंख्याखाली प्रोसेसर आहे. सगळा विचार हाच करतो, म्हणून तापतो. हा पंखा त्याला वारा घालतो, मागचा गरम हवा बाहेर काढतो. इथे लव, बाहेर कव्हर. हवा जाणार कुठे? मग जळू नये म्हणून तो आपणच बंद होतो."

चांगुणाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. "म्हणजे मीच."

"मलाही पायाला गरम लागायचं, आई," अस्मिता घाईने म्हणाली. "मला वाटलं, असेलच गरम."

"आणि मी उगाच वहिनींवर गेमचा आळ घेतला," सुजित म्हणाला.

"तो घेतलासच," बाई म्हणाल्या.

त्याने ब्रशने लव काढली, ब्लोअर मारला. दुसऱ्या दिवशी बाईंनी शिलाई मशीन खिडकीजवळून उचलून बाहेर गॅलरीत नेलं.

"आई, तिथे ऊन लागतं!"

"कॉम्प्युटर बाहेर बसेल का? नाही ना? मी बसते."

शेजारच्या राजसीने टोमणा मारलाच. "काय चांगुणाबाई, सुनेने बाहेर काढलं वाटतं?"

"सुनेने नाही गं, सुनेच्या पंख्याने," म्हणून बाईंनी दात लावून दोरा तोडला.

त्यानंतर कॉम्प्युटर बंद पडला नाही, तरी बाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी दोन-तीनदा त्या आत यायच्या, टेबलाखाली शिरायच्या आणि डब्याच्या मागे तळवा धरून बसायच्या. हवा हाताला लागली की परत कामाला. अस्मिता टाइप करता करता पाय वर घेऊन त्यांना जागा करून द्यायची.

तिसरा महिना संपताना अशाच त्या टेबलाखाली होत्या, तेव्हा प्रीती मॅडमचा फोन आला. वर काय चाललंय ते त्यांना ऐकू येईना. समोर फक्त सुनेची पावलं. पायाची बोटं आवळली गेली, बराच वेळ तशीच राहिली, मग सैल सुटली.

"आई, कायम केलं!"

चांगुणाबाई इतक्या घाईने उठल्या की टेबल डोक्यात बसलं. अस्मिता खाली बसून त्यांचं डोकं चोळत राहिली, आणि दोघी टेबलाखालीच हसत होत्या.