पाहुण्याचं पाऊल

ती चालून पोट भरायची. म्हणजे कुठे जायची नाही. एका तळघरातल्या खोलीत जागच्या जागी चालायची, आणि तिची पावलं पडद्यावरच्या माणसांना लावली जायची. परक्या भाषेतला सिनेमा आपल्या भाषेत बोलता केला, की मूळ बोलण्याबरोबर पावलांचा आवाजही पुसला जातो. मग माणसं बोलतात खरी, पण भुतासारखी तरंगतात. त्यांना जमिनीवर आणायचं काम हिचं. स्टुडिओत सगळे तिला आत्या म्हणत, मालकसुद्धा.

खोलीच्या जमिनीत चौकोनी कप्पे होते. एकात लाकडी फळ्या, एकात फरशी, एकात वाळू, एकात खडी. गवत हवं असलं की जुन्या कॅसेटमधल्या टेपचा गुंता पसरायचा. त्यावर चाललं की थेट वाळलेलं गवत. भिंतीशी बूट-चपलांचे चाळीस जोड, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर माइक. आत्या धुऊन धुऊन मऊ झालेले सुती कपडे घालून यायची, हातात काही नाही, गळ्यात काही नाही. आणि पोटभर खाऊन यायची, कारण रिकाम्या पोटाची गुरगुर माइकला पावलाआधी ऐकू जाते. आधी ती तिथे झाडलोट करायची. एके दिवशी चालणारा माणूस आला नाही म्हणून हिला उभं केलं, आणि पुन्हा त्याला बोलवायची गरज पडली नाही. तीस वर्षांत ती चोर होऊन चालली, राणी होऊन चालली, लंगडा शिपाई होऊन चालली. हे सांगताना तिची मान जराशी वर व्हायची, आणि व्हायलाच हवी.

त्या वर्षी सहा सिनेमे आले. सहा देशांतले, लहान लहान, मोठ्या कंपनीचा हात नसलेले, मोजक्या माणसांनी जीव ओतून काढलेले. कुठे बाईचं प्रेम बाईवर, कुठे पुरुषाचं पुरुषावर. एकात मुलगी म्हणून वाढलेला बस ड्रायव्हर होता, आता दाढी राखून बापाला भेटायला निघालेला. रेकॉर्डिंग करणारा टक्कलवाला गृहस्थ हे सगळं चाचरत सांगू लागला, तर आत्या म्हणाली, "पाय कुणाचे तेवढं सांग. बाकीचं मला दिसतंय."

दिसायला तिला लांब जावं लागत नव्हतं. तिचा मुलगा दवाखान्यात एक्स-रे काढायचा, आणि सहा वर्षांपासून दर रविवारी एक चष्मेवाला त्यांच्याकडे जेवायला यायचा. मुलाने तिला सगळं सरळ सांगितलं होतं. तेव्हा ती भांडी घासत होती. घासलेलंच पातेलं तिने पुन्हा घासलं आणि म्हणाली, रविवारी जेवायला बोलाव त्याला. भांडली नाही, रडली नाही. आपण फार मोठ्या मनाने वागलो असं तिला वाटायचं, आणि ते सगळंच खोटं नव्हतं. शेजारणीने विचारलं तर मुलाचा मित्र, एवढंच.

आता मामला निराळा होता. चष्मेवाल्याची भाड्याची खोली महिनाअखेरीला सुटणार होती, आणि त्याने इथेच राहायला यावं का, असं मुलाने विचारलं होतं. ती नाही म्हणाली असती तर दोघं वेगळं घर बघणार होते. पंधरा दिवस झाले, आत्याने उत्तर दिलं नव्हतं. रविवार तिला चालायचा. सोमवार ते शनिवार घशाखाली उतरत नव्हते.

पाच सिनेमे सुरळीत झाले. बेटावर जाळी विणणाऱ्या दोघी वाळूतून चालत गेल्या, बस ड्रायव्हर जिना चढून बापाच्या दारापर्यंत पोचला. सहावा अडला. बर्फातलं गाव, दोन खोल्यांचं घर, दोन म्हातारे. एक खिडकीशी बसलेला. दुसरा आतून चहा आणतो, ठेवतो, परत जातो. बोलणं नाहीच. आत्याने चहा आणणाऱ्याची पावलं दिली. टक्कलवाल्याने ती ऐकली आणि कान खाजवला.

"आत्या, हा वीस वर्षं राहतोय या घरात. तुम्ही पत्ता विचारायला आल्यासारखं चाललात."

तिने जोड बदलला. पुन्हा चालली. अकरा वेळा चालली. वेळ चुकत नव्हती, वजन चुकत नव्हतं, तरी तो म्हातारा प्रत्येक वेळी पाहुणाच. टक्कलवाला म्हणाला, राहू द्या, कुणाच्या लक्षात येणार आहे? हे त्याने म्हणायला नको होतं. त्या दिवशी ती तडक घरी गेली.

रविवारी चष्मेवाला आला तेव्हा आत्या दाराकडे पाठ करून भाजी चिरत बसली होती. कान मात्र मागे. तो दाराशी थांबला. चपला काढून भिंतीला नीट लावल्या. तीन पावलं, टाच न टेकवता. खुर्चीपाशी पुन्हा थांबला. बस म्हटल्यावर बसला.

आत्याच्या हातातली सुरी थांबली. अकरा वेळा तिच्या पायातून आलं होतं ते हेच चालणं, जसंच्या तसं. आणि मागोमाग दुसरी गोष्ट आठवली. ती एकदा त्याच्या चष्म्याच्या दुकानात काडी बदलायला गेली होती. तिथे तो धाडधाड चालत होता, खण कमरेने ढकलून बंद करत होता. म्हणजे हा असा दबकून चालणारा माणूस नव्हताच. हे चालणं त्याला इथे लागलं होतं, तिच्या घरात. सहा वर्षं तिने त्याला आग्रहाने वाढलं, पण ऊठ, तुझं तू घे, असं एकदाही म्हणाली नव्हती.

"जरा पाणी घे बरं आतून," ती म्हणाली. "मलाही आण."

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात घुटमळला. मुलगा उठू लागला, त्याला तिने डोळ्यांनीच बसवलं. आत कपाटाचं एक दार वाजलं, मग दुसरं.

"काकू, पेले कुठे असतात?"

ते ऐकून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती उठून आत गेली. पेले सिंकच्या वर, डावीकडे. चमचे इथे. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट आहे, त्याला हिसका द्यावा लागतो. सगळं सांगून झालं आणि त्याच सुरात ती म्हणाली, "आणि सामान कधी आणतोयस? महिनाअखेरीची वाट कशाला बघायची?"

चष्मेवाला दोन्ही हातांत पेले धरून उभा राहिला.

"मी पहाटे पाचला उठतो, काकू. आवाज होईल."

"होऊ दे. आवाजाचंच खाते मी."

"आई, काय म्हणालीस?" बाहेरून मुलाने विचारलं.

"ज्याला म्हणाले त्याला ऐकू आलंय."

सोमवारी तिने टक्कलवाल्याला सांगितलं, तो म्हातारा शेवटी ठेव. गुरुवारी चष्मेवाला दोन पेट्या घेऊन आला. पण चालणं का असं एका दिवसात बदलतं? आठ दिवस तो तसाच दबकत वावरला. पेला घेतला की विसळून, पुसून जागेवर. आत्या कान लावून बसायची आणि मनातल्या मनात खट्टू व्हायची. बोलावलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं होतं.

नवव्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात धाडकन आवाज झाला. टेबल हललं, आणि मोठ्यांसमोर उच्चारू नये असा एक शब्द बाहेर आला. आत्या दारात येऊन उभी राहिली. चष्मेवाला एका पायावर उभा, दुसऱ्या पायाचं बोट हातात, तिला बघून कानापर्यंत लाल.

पाहुणा खाली बघून पाऊल टाकतो. घरचा माणूस बघत नाही, म्हणून टेबलाचा पाय नेमका त्यालाच लागतो. तीस वर्षं चालून तिच्या हे ध्यानात आलं नव्हतं.

"कुठला पाय?" तिने विचारलं.

"उजवा. सॉरी, काकू, तोंडातून गेलं."

"ते राहू दे. चहा घेऊन परत एकदा तिकडून इकडे ये. खाली बघू नकोस."

"पण आता लंगडतोय मी."

"लंगड," आत्या म्हणाली. "म्हाताराच आहे तो."