खंडेनवमीला पुजलेले पिस्तूल

हे सारे मी गेल्या दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत, रावेतला दिलीपमामांच्या घरी राहत असताना, त्यांच्याच तोंडून ऐकले. काही भाग त्यांच्या क्रेन ऑपरेटरकडून, म्हणजे लातूरच्या गायकवाडांकडून कळला. ते दर रविवारी मामांकडे चहाला येतात.

मामा चाकणच्या एका फाउंड्रीत स्क्रॅप यार्डाचे इन्चार्ज आहेत. मी संरक्षणशास्त्रात एम. ए. करतो. युद्धक्षेत्रांत पाठवलेली शस्त्रे गुन्हेगारांच्या हाती कशी पोहोचतात, हा माझ्या प्रबंधाचा विषय. त्याची माहिती परदेशी अहवालांत मिळेल असे मला वाटले होते. ती मामांसोबत जेवताना मिळू लागली! त्यांच्या यार्डात परदेशी भंगाराचे कंटेनर येतात. लढाई कुठेही होवो, तिचे थोडेफार लोखंड वितळायला इकडे येते आणि सोबत किस्से आणते. लोखंड निदान वितळते. किस्से साचतच जातात.

*

यार्डाच्या गेटवर मेटल डिटेक्टर आहे. माणूस बाहेर पडताना त्यातून जावे, असा नियम.

अडचण अशी, की यार्डात दिवसभर काम केलेल्या माणसाच्या केसांत, खिशांत, बुटांत लोखंडाचा चुरा असतो. त्यामुळे डिटेक्टर प्रत्येकाला वाजतो. गेटवरच्या वॉचमनने, खराबवाडीच्या पांडूतात्यांनी, तो बंद करून टाकला.

मामा रागावले, तेव्हा तात्या म्हणाले, “मामा, समद्यांनाच वाजतंय म्हंजी कुणालाच वाजत न्हाई. उगं कान किटत्यात!”

डिटेक्टर बंदच राहिला.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी गायकवाड क्रेनवरून ओरडले, “मामा, मॅग्नेटला पिस्तूल चिकटलंय!”

खाली उभे असलेले मामा म्हणाले, “खेळण्यातलं असेल राव!”

“खेळण्यातलं प्लास्टिकचं असतंय मामा! ते कसं चिकटंल?”

पिस्तूल खरे होते. थोडे गंजलेले, पण त्याचा घोडा हलत होता. कंटेनर आखातातल्या बंदरातून आला होता. त्याआधी तो माल कोणत्या देशात होता, हे कुणालाच ठाऊक नव्हते. मामांनी पर्चेस मॅनेजरला बोलावले. ते म्हणाले, “आपण मिक्स्ड स्टील मागवलं होतं ना? मग? स्टीलच आहे की!”

मामांचे म्हणणे, लगेच पोलिसांना कळवावे. मॅनेजरचे म्हणणे, यार्ड सील होईल, भट्टी थांबेल, दसरा होऊ दे. मामांनी पिस्तूल आपल्या कपाटात ठेवून कुलूप लावले. “ते माझ्या कुलपात होतं,” हे वाक्य मामा अजूनही जेवताना मध्येच म्हणतात.

*

खंडेनवमीला यार्डात पूजा असते. पान्हे, ग्राइंडर, गॅस कटर सारे धुऊन चौरंगावर मांडतात. गायकवाड मामांना म्हणाले, “मामा, आजचा दिवस शस्त्रांचा. आपण दरसाल पान्ह्यावरच भागवतोय. औंदा खरं शस्त्र घरात असताना कपाटात ठिवायचं?”

मामांनी कुलूप उघडले. का उघडले, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तेव्हा ते पटलं रे.”

पिस्तूल चौरंगावर आले. मामांनी नळीला हळदकुंकू लावले, वर झेंडू वाहिला. कामगारांची कुटुंबे आली, ठेकेदारांची माणसे आली, सर्वांनी नमस्कार करून प्रसाद घेतला. पुजलेली वस्तू दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होईपर्यंत जागची हलवायची नाही, ही यार्डाची रीत. मामांनी ती पाळली.

दसऱ्याला सकाळी सर्व पान्हे जागेवर होते. पिस्तुलाच्या जागी फक्त झेंडू होता!

*

पूजेचा फोटो मामांच्या मोबाइलमध्ये होता. मी तो माझ्या गाइड मॅडमना दाखवला. त्या सरसावून बसल्या. “नळीवर नंबर असतो. त्यावरून ते कोणत्या सैन्याला पुरवलं होतं, हे कळू शकतं. नंबर वाच.”

“वाचता येत नाही, मॅडम.”

“का?”

“नंबरवर झेंडू आहे.”

*

मॅनेजर नको म्हणत असताना मामा स्वतः पोलीस चौकीत गेले. निवृत्ती जवळ आलेली, गुन्ह्यात नाव आले तर काय होईल, या भीतीने मामींनी देव पाण्यात ठेवले होते.

हवालदारांनी विचारले, “हरवलेली वस्तू तुमची होती का?”

“नाही.”

“कंपनीची?”

“कंपनी म्हणते, आम्ही फक्त स्टील घेतलं.”

“मग ती हरवली कुणाची, काका?”

मामा म्हणाले, “साहेब, तेच विचारायला आलोय.”

*

संक्रांतीच्या सुमारास मामांना पुन्हा बोलावणे आले. हप्त्यासाठी एका दुकानदाराला धमकावणारा गुंड पकडला गेला होता आणि त्याच्याकडे परदेशी पिस्तूल सापडले होते. मी सोबत गेलो, पण मला बाहेरच बसवले. पुढचे मामांनी सांगितलेले.

इन्स्पेक्टरांनी पिस्तूल टेबलावर ठेवले. “हेच का?”

‘नाही’ म्हटले असते, तर मामा सुटले असते. ‘हो’ म्हटल्यावर ते कुणाच्या कुलपातून बाहेर आले, हे लेखी होणार होते. मामा नळी नीट पाहून म्हणाले, “हेच.”

“कशावरून?”

“नळीवर माझं हळदकुंकू आहे.”

इन्स्पेक्टर वाकले. “आणि मुठीवर लावलंय ते?”

मामा म्हणाले, “साहेब, मी फक्त नळीला लावलं होतं. मुठीची पूजा नंतर दुसऱ्या कुणीतरी केलीय!”

मामांचा जबाब झाला. पुढे काय होणार, ते अजून कळलेले नाही. मामा बाहेर आल्यावर मी, जबाबाच्या वेळी आत असलेल्या शिपायाला मुठीबद्दल विचारले. तो म्हणाला, “कसलं कुंकू? गंज होता तो.” मामा म्हणतात, कुंकू होते. मुठीवर नेमके काय होते, याची खात्री मला कधीच करता आली नाही.