कुमुदताईंच्या भिंगऱ्या

मार्च संपता संपता एका सकाळी रेणूचा फोन आला. "काका, आई गेली," एवढेच ती मराठीत बोलू शकली. पुढचे सारे जर्मनमध्ये. मी नुसते "हो, हो" म्हणत राहिलो...

तिची आई, कुमुदताई, बॉनमधली माझी शेजारीण. पुण्यात जपानी शिकलेल्या ताई कोलोनच्या एका कंपनीतून दुभाषी म्हणून निवृत्त झाल्या होत्या. जपानी पंचांगात वर्षाचे बहात्तर चिमुकले ऋतू असतात, जेमतेम पाच-पाच दिवसांचे, हे मला त्यांनीच सांगितले. एप्रिलच्या आरंभीच्या ऋतूचे नावच मुळी 'भिंगऱ्या येतात'. आमच्या वळचणीखाली मातीची घरटी बांधणाऱ्या भिंगऱ्या मात्र आफ्रिकेहून येत, त्याही दोन-तीन आठवडे उशिरा. ताई त्यांच्यावर पाहुण्यांवर रागवावे तशा रागवत. साठी उलटल्यावर पक्षी ओळखू लागलेल्या माझ्यासारख्या नवशिक्याला तो राग फार आवडे.

यंदा फेब्रुवारीत इमारतीतल्या घरमालकांची सभा भरली. वसंतात भिंती रंगवायच्या आणि घरटी खरवडून टाकायची, असा प्रस्ताव होता. आजाराने ताईंचा आवाज पार बसला होता. मला कोपराने ढोसून त्या कुजबुजल्या, "अहो देवधर, उठा. तो एवढासा जीव अख्खे सहारा ओलांडतो, आणि तुम्हांला खुर्ची सोडवत नाही?"

चार माणसांत बोलायचे मी जन्मभर टाळत आलो, त्यातून जर्मन! तरी उठलो. म्हणालो, पक्षी परततील ते याच घरट्यांत. शरदात ते गेले की रंगवू, पण घरटी राखून. तळमजल्यावरचे बाउअर गुरगुरले, "आणि माझ्या सायकलीवरची घाण?"

"घरट्यांखाली फळी मी ठोकून देईन."

मी बसलो. हात वर झाले... आणि निकाल आमच्या बाजूने लागला! ताईंनी टाळ्या वाजवल्या. "गेनाऊ!", अगदी बरोबर, असे नुसते ओठ हलले.

फळी ठोकली. ताई गेल्या. एप्रिल आला, जपानी ऋतूही उलटला, आकाश रिकामेच. भिंगऱ्या आल्याच नाहीत तर?... या धास्तीने मी रोज मान वर करून उभा राही.

मग एका सकाळी दारावरची घंटा वाजली. सपाता घातलेले बाउअर धापा टाकत होते. "हेर देवधर, या, या लवकर!" अंगणात पोहोचतो तो निळ्या-काळ्या पाठीची एक भिंगरी सूर मारून घरट्यात शिरली; पाठोपाठ दुसरी, तिसरी. बाउअर आपली सायकल बाजूला ओढू लागले, "यांना मोकळे येता-जाता येऊ दे."

वर ताईंच्या बाल्कनीत रेणू आली होती. भर अंगणात कधी आवाज न चढवलेला मी छातीभर श्वास घेऊन ओरडलो, "रेणू, आल्या गं! आल्या!"