शमीम मॅडमच्या बारा सह्या

भुताखेतांचे अनुभव मी टाइमपास म्हणून वाचायचे आणि खाली खवचट कमेंट टाकायचे, हे आधीच कबूल करते. मी सायन्सवाली. दृष्ट, काळा दोरा, अमावास्या... सगळ्यावरून आईशी भांडण झालेलं. आजही घाबरून लिहीत नाहीये. रागाने लिहितेय. इतकी वर्षं झाली तरी तो राग जात नाही, म्हणून लिहितेय.

साल २०१५. आम्ही मस्कतला अल मवालेहमध्ये राहायचो, भाजी मार्केटपासून पाच मिनिटांवर. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे बाहेरच्या युनिव्हर्सिटीत फिजिओथेरपीचा मास्टर्स करायचा, हे नक्की होतं. त्यासाठी मार्क हवेत, निबंध हवा, कॉलेजचं शिफारसपत्र हवं — आणि सगळ्यात अवघड म्हणजे एखाद्या फिजिओथेरपिस्टजवळ बसून काम बघितल्याचे चाळीस तास, त्यांच्या सहीनिशी. मस्कतमधल्या ज्या ज्या हॉस्पिटलात गेले तिथे एकच उत्तर... ‘इन्शाल्ला, नेक्स्ट वीक.’ म्हणजे नाही.

बाबा सिव्हिल इंजिनीअर. त्यांची साइट इब्राला, गाडीने दोन तास. शनिवारी मला सुट्टी, त्यांना नाही. त्यांच्या ओळखीने इब्राच्या सूकजवळच्या, म्हणजे बाजाराजवळच्या, एका छोट्या क्लिनिकच्या मॅनेजरने ‘भेजो’ म्हटलं. पहिल्या शनिवारी रिसेप्शनवरच्या लिसीने फोनमधून मान वर न काढता सांगितलं, “फिजिओ रूम, पीछे, लास्ट डोअर.”

आत शमीम मॅडम होत्या. चाळिशीच्या, राखाडी स्कार्फ, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. माझं नाव ऐकलं आणि म्हणाल्या, “वैदेही? मराठी? मी दापोलीची गं. बस.”

हॉस्पिटलांच्या चकरा मारल्या त्या तीन महिन्यांत एवढ्या आपुलकीने माझ्याशी कोणी बोललं नव्हतं. त्या शिकवायच्या, अगदी मनापासून. “आधी बघायचं. मग विचार करायचा. हात सगळ्यात शेवटी लावायचा.” पेशंट एकच यायचा — सालिम नावाचा ओमानी म्हातारा. त्याचा डावा खांदा आखडलेला, हात छातीच्या वर जात नव्हता. तो मागच्या दाराने स्वतःच यायचा, दिव्याचा शेक घ्यायचा. तिसऱ्या शनिवारी मॅडम मला म्हणाल्या, “आता तू कर.” माझा हात त्याच्या खांद्यावर, त्यांचा हात माझ्या हातावर. गरम, जरा खरखरीत हात. “माझ्याशी बोलत राहा,” म्हणायच्या, “म्हणजे तुझीही घाई होणार नाही आणि त्याचीही.”

एक वाजता बाबा हॉर्न वाजवायचे. निघताना मॅडम माझ्या तासांच्या तक्त्यावर सही करायच्या, उर्दूत, तिरकी. असे बारा शनिवार. बारा सह्या.

फाइल पूर्ण करून मी कॉलेजच्या करिअर कौन्सेलरकडे दिली. आठवड्याने त्यांनी बोलावलं. केबिनचं दार उघडंच, बाहेर मुलं बसलेली. त्यांनी फाइल टेबलावर आपटली.

“मैंने क्लिनिक में फोन किया था. वो मैडम को मरे एक साल हो गया. रोड अॅक्सिडेंट.” मग हसले. हसले! “साइन ही करनी थी तो कम से कम ज़िंदा आदमी की करती.”

मला आधी कळलंच नाही. मग वाटलं, यांनी चुकीच्या क्लिनिकला फोन केलाय. मी तेच सांगितलं. ते पुढे हिंदीतच म्हणाले, “इकडे लिहून दे की सह्या तू केल्यास. मी प्रकरण इथेच मिटवतो. नाही दिलंस तर शिफारसपत्र विसर.”

मी लिहून दिलं नाही.

घरी आई रडली, मग नारळ ओवाळायला घेतला. मी तिच्या हातातून तो काढून ओट्यावर ठेवला. पण खरा घाव बाबांनी घातला. ते हळूच म्हणाले, “खरं काय ते सांग, वैदू. आम्ही रागावणार नाही.”

“तुम्हीच मला सोडायचात ना? तुम्हीच न्यायचात ना? मग मी कुठे होते चार-चार तास?”

पुढच्या शनिवारी आम्ही दोघं इब्राला गेलो.

मॅनेजरने जुनं रजिस्टर काढून काउंटरवर ठेवलं. शमीम मॅडमच्या हातच्या नोंदी, पानापानावर सही. बाबांनी माझा तक्ता शेजारी धरला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. सही तीच. मला उर्दू येत नाही. अरबी पाट्याही मी अक्षर अक्षर लावून वाचते. आणि हे रजिस्टर मी जन्मात पहिल्यांदा बघत होते.

“ती गेल्यापासून फिजिओ बंदच आहे,” लिसी हिंदीत म्हणाली. “म्हातारा सवयीने मागच्या दाराने येतो, दिवा स्वतःच लावून घेतो, मी अडवत नाही. मॅनेजर म्हणाले होते, एक मुलगी डॉक्टरांचं काम बघायला येईल. मला वाटलं, तू तिथे बसून अभ्यास करतेस. डॉक्टर बोलावतील तेव्हा जाशील.”

तेवढ्यात सालिम मागच्या दाराने आला. मला बघून हसला आणि डावा हात सरळ डोक्यावर नेला. टोपीला लावून दाखवला.

बाबांनी विचारलं, “ये किसने किया?”

“ये बेटी ने.” त्या वयाच्या बऱ्याच ओमानी लोकांना हिंदी येतं.

“और मैडम?”

“कौन मैडम? अकेली थी. अपनी ज़ुबान में बोलती रहती थी... मैं समझा, मुझसे बोलती है.”

मॅनेजरचा चेहरा उतरला. सहीपेक्षा त्याला हे जास्त लागलं. त्याच्या क्लिनिकमध्ये एका विद्यार्थिनीने पेशंटला हात लावला, तोही कोणी जबाबदार माणूस नसताना. “खलास, इंजिनियर साब. लड़की को ले जाओ. मैं कुछ लिखके नहीं दूँगा. इधर कोई आया ही नहीं.”

“बारह शनिवार!” मी ओरडले. “एक बार भी किसी ने दरवाज़ा खोल के देखा?”

लिसीने मान खाली घातली. मी तशीच मागे गेले. खोली तीच होती. तोच बेड, तोच दिवा. आत कोणी नव्हतं. आणि मला भीती वाटली नाही हो... माझं डोकं फिरलं होतं.

“सही का केलीत?” मी त्या रिकाम्या खोलीत मराठीत ओरडत होते. “शिकवायचं होतं तर शिकवायचं ना! सही कशाला केलीत? माझं काय होईल, याचा विचार केलात का?”

एसीची घरघर तेवढी. बाबा दारात येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “चल.” त्यानंतर त्यांनी मला ‘खरं सांग’ असं पुन्हा कधी म्हटलं नाही. पण ‘माझा विश्वास आहे’ असंही म्हटलं नाही.

माझं वर्ष गेलं. पुढच्या वर्षी मस्कतमधल्या एका क्लिनिकने घेतलं. तिथल्या फिजिओने चाळीस तास मला फायली लावायला आणि चहा सांगायला ठेवलं, पेशंटच्या जवळ फिरकू दिलं नाही, आणि शेवटी न बघता सही ठोकली. ती सही सगळ्यांना चालली. शिफारसपत्र एका प्राध्यापिकेने दिलं.

ऑनलाइन इंटरव्ह्यूत विचारलं, “पेशंटबरोबर काम करताना तू काय शिकलीस?” मी त्या दुसऱ्या क्लिनिकबद्दल एक छान गोष्ट रचून सांगितली. सगळ्यांनी माना डोलावल्या. अॅडमिशन मिळाली.

आता मी रोज खांदे, गुडघे, कंबरा बघते. सालिमचा खांदा शिकाऊ हातांनी बारा शनिवारांत मोकळा झाला, याला माझ्या पुस्तकात उत्तर नाही. सह्यांनाही नाही. योगायोग म्हणा, माझ्या मनाचे खेळ म्हणा... मीही सगळं म्हणून बघितलं, बसत नाही. मॅडमवर राग धरू की त्यांचे आभार मानू, हेही अजून ठरलेलं नाही. पण त्या कौन्सेलरवर, त्या मॅनेजरवर माझा राग आहे, आणि तो राहणार. मेलेल्या बाईने मला बारा शनिवार दिले. जिवंत माणसांना एक दार उघडून बघता आलं नाही.