तिसऱ्यांदा विचारेपर्यंत

साखरेचा खडा पुढच्या दातांत धरायचा, त्यातून कोरा चहा ओढायचा, पेला बशीत ठेवायचा आणि म्हणायचं, "हे झालं आजचं. जुन्या काळी काय व्हायचं, ठाऊक आहे?"

बाईंच्या बोलण्याची सुरुवात ठरलेली. फ्रीमाँटमध्ये त्यांच्या आणि माझ्या टाउनहाउसची एक भिंत सामाईक होती. त्या मूळच्या इराणच्या, शिराझच्या. इथल्या कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. विषय, जुन्या इराणातली लग्नं आणि घरसंसार. मी त्यांना 'खानुम' म्हणायचो, आपण 'बाई' म्हणतो तसं. त्या मला 'मोहंदेस' म्हणायच्या, म्हणजे इंजिनीयर. आमचं बोलणं चालायचं इंग्रजीत, पण मला ते मराठीतच आठवतं.

दोनशे वर्षांपूर्वीच्या सासवांबद्दल त्या असं बोलायच्या, की या बाया काल ग्रोसरीच्या लाइनीत यांच्यापुढे उभ्या होत्या असं वाटावं.

"मुलाची आई हमामात जायची, सार्वजनिक न्हाणीघरात. तिथे मुली यायच्या. कुणाची पाठ सरळ, कुणाचे केस दाट, सगळं बघून घ्यायची. आणि तोंडाला वास येतो का ते कळावं म्हणून जवळ ओढून मुका घ्यायची!"

"आमच्याकडे मुलीला चालून दाखवायला सांगत," मी म्हणालो.

"बघ. आमची सासू निदान स्वतः भिजायची तरी!"

आणि मग असं हसायच्या, की भिंतीपलीकडे माझ्या स्वयंपाकघरातही ऐकू यावं. स्वतः लग्न केलं नव्हतं. कुणी कारण विचारलं की म्हणायच्या, "हार्टच्या डॉक्टरला हार्ट अटॅक यायलाच पाहिजे का?"

एकदा मी त्यांना अंतरपाट समजावून सांगितला. त्या खूश झाल्या. "आमच्याकडे आरसा. बुरख्याआडची नवरी नवऱ्यामुलाशेजारी येऊन बसायची, बुरखा काढायची, आणि समोरच्या आरशात तो तिचं तोंड पहिल्यांदा बघायचा. माझ्या पणजोबांनी पाहिलं आणि हळूच विचारलं, 'आरसा स्वच्छ आहे ना?' पणजी म्हणाली, 'आरसा स्वच्छ आहे. मलाही तुम्ही दिसताय.'"

त्यांची भाची नसरीन ही दातांची डॉक्टर. नवरा अकाली गेलेला. रविवारी मावशीकडे यायची. मीही घटस्फोटानंतर एकटाच, त्यामुळे रविवारी चहाला असायचोच. दीड-दोन वर्षं आम्ही समोरासमोर बसून मावशीचा इतिहास ऐकला. काय चाललंय ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल. बाईंना तर पहिल्याच महिन्यात कळलं होतं. बोलायची हिंमत फक्त मला होत नव्हती.

का होत नव्हती ते आज सांगून टाकतो. माझं पहिलं लग्न पुण्यात ठरलं. कांदेपोहे झाले, मोठ्यांनी मुलीला विचारलं, "मग, पसंत आहे ना?" ती गप्प राहिली. "लाजतेय!" म्हणून सगळे हसले. ती लाजत नव्हती. मला समोरून स्पष्ट दिसत होतं. आणि मी पोहे खात राहिलो. पुढे इकडे येऊन चँडलर गावी आमचा संसार झाला. नीटनेटका, भांडणतंटा नसलेला. मग एक दिवस तिनेच तो थांबवला. जाताना म्हणाली, "त्या दिवशी तू तरी बोलायचंस."

हे मी खानुमना सांगितलं तेव्हा त्यांनी चहा खाली ठेवला. जुना काळ काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या रविवारी तुझ्या बाजूचं मोठं माणूस घेऊन ये. चहा तू करायचा."

माझ्या बाजूचं मोठं माणूस म्हणजे सनीव्हेलची सुलूमावशी. लेकाकडे राहायची, विधवा, जिभेने तिखट. इराणी रीतीत मागणी घालायला आले की मुलगी चहा आणते आणि पाहुणे चहाचा रंग बघतात. बाईंनी ते उलटं केलं. बिनकानाचे काचेचे पेले ट्रेवर घेऊन मी आलो. खानुमनी पेला खिडकीशी धरून रंग पाहिला.

"फिकट आहे. पण सुधारेल."

"दूध घातलं असतं तर एवढी पंचाईत झाली नसती," सुलूमावशी म्हणाली. नसरीन पहिल्यांदा मोठ्याने हसली. मागणी मंजूर झाली.

लग्न स्वतःच लावता यावं म्हणून बाईंनी काउंटीकडून, म्हणजे जिल्हा कचेरीतून, एका दिवसापुरता परवाना काढला. क्लबहाउसमध्ये पांढरं कापड अंथरलं. आरसा, दोन मेणबत्त्या, मध, अक्रोड, बदाम, अंडी, भाकरीसारखी मोठी रोटी. आमच्या दोघांच्या डोक्यांवर बायकांनी कापड धरायचं आणि वर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासायचे, दोघांवर गोडवा झरावा म्हणून. हे काम संसार सुखाचा असलेल्या बायकांचं. सुलूमावशी आपण होऊन मागे सरकली. खानुमनी तिच्या हातात सुळके दिले.

"अहो, मी विधवा आहे."

"जोवर होता तोवर सुखाचा होता ना?"

"होता की."

"मग घासा."

बाईंनी नसरीनला विचारलं, आधी फारसीत, मग इंग्रजीत, "हा माणूस तुला नवरा म्हणून मान्य आहे?"

नसरीन गप्प. मागून बायका काहीतरी ओरडल्या आणि सगळे हसले. बाईंनी पुन्हा विचारलं. नसरीन खाली बघत गप्पच. पुन्हा आरडाओरडा, पुन्हा हशा.

मी उठून उभा राहिलो. डोकं कापडात अडकलं, साखर कॉलरमध्ये गेली.

"थांबा! हसू नका कुणी. ती हो म्हणत नाहीये. तिला नको असेल तर नको. मी जबरदस्तीने लग्न करणार नाही."

सुळके घासायचे थांबले.

"अरे मेल्या, बस खाली!" कापडाच्या वरून सुलूमावशी म्हणाली. "काय सिनेमा लावलायस?"

खानुम माझ्याकडे बघतच राहिल्या. "मोहंदेस, ती फुलं तोडायला गेली आहे."

"कुठे?"

"बागेत! पहिल्यांदा विचारलं की नवरी फुलं तोडायला जाते. दुसऱ्यांदा, गुलाबपाणी आणायला. हेच ओरडतायत सगळे. तिसऱ्यांदा ती हो म्हणते. प्रत्येक नवरी असंच करते!"

"तुम्ही हे मला कधी सांगितलंच नाहीत."

"हा काय इतिहास आहे सांगायला? हे कुणाला ठाऊक नसतं?"

मी खाली बसून आरशात बघितलं. नसरीन माझ्याकडेच बघत होती. डोळे भरलेले आणि ओठ हसू दाबत असलेले.

"आले मी बागेतून," ती म्हणाली. "हो. मान्य आहे."

"मी तिसऱ्यांदा विचारलं नाही अजून!" खानुम ओरडल्या.

"तरी हो."

"मोठ्यांच्या परवानगीने, असं म्हणायचं असतं!"

"परवानगीशिवाय, मावशी. हो."

बाईंनी कपाळावर हात मारला. मग तोच हात डोळ्यांवर ठेवून बराच वेळ तसाच राहू दिला.

बाईंना जाऊन आता दोन हिवाळे झाले. भिंतीपलीकडे नागपूरचं एक तरुण जोडपं राहायला आलंय. आम्ही दोघं चहा घेत बसलो की नसरीन मधेच विचारते, "मी तेव्हा गप्प राहिले असते तर?" मी म्हणतो, "मी पुन्हा उभा राहिलो असतो." ती म्हणते, "ठाऊक आहे. म्हणून तर घाई केली."

आणि मग आम्हाला लग्नाच्या दुपारचं क्लबहाउसबाहेरचं लॉन आठवतं. सुलूमावशीने पदर खोचलाय, खानुमनी चपला काढून फेकल्यात, दोघी हात धरून फुगडी घालतायत.

"ही रीत कधीपासूनची?" फिरता फिरता खानुम विचारतायत.

"बोलू नका हो, पडाल!" सुलूमावशी ओरडतेय, आणि दोघी गरगर फिरतायत.